मिलीबगसाठी झाडाच्या मुळाशी आंतरप्रवाही औषध द्यावं का?

शेंदरी_जास्वंद

नमस्कार मंडळी. बागकामाच्या या विभागात आजवर नुसती वाचत आले. पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण आता खरंच सुचेनासं झालंय.

कुंपणाच्या कडेने माझ्या नऊ जास्वंदी आहेत, बारा-तेरा वर्षांच्या. त्यांच्यावर सावली धरून विलायती शिरीषाचं मोठं झाड. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, गेल्या वर्षीही होता, पण तुरळक. यंदा शेंडे आवळून मुठीसारखे झालेत, पानं चुरगळलीत, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. फांद्यांच्या बेचक्यात बघावं तर कापूस पिंजून ठेवल्यासारखं पांढरं. शिरीषाच्या खालच्या फांद्यांवरही तेच. झाडाखालचा बाक, पायवाट, सगळं चिकट झालंय आणि त्या चिकटावर काजळी धरलीय.

पाण्याचा जोरदार फवारा झाला, साबणाचं पाणी झालं, निंबोळी तेल झालं. आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा पहिले पाढे. शिरीषाच्या शेंड्यापर्यंत तर माझा फवारा पोचतही नाही.

एका माहितगाराने सांगितलं, इमिडाक्लोप्रिड पाण्यात कालवून मुळाशी ओता. झाड ते ओढून घेईल, रस पिणारी प्रत्येक कीड मरेल, वर्षभर बघायला नको. इतकं सोपं आहे म्हणूनच हात धजत नाही. शिरीष फुलला की त्यावर मधमाश्यांची नुसती घुमघुम असते. दहा-बारा पावलांवर लहानसं तळं आहे, त्यावर चतुर येतात.

कुणी असं औषध दिलंय का? पुढे काय झालं? द्यावं की न द्यावं?

मातीवेडा

मी दिलंय, गुलाबांना, दोन वर्षांपूर्वी. मावा दहा-बारा दिवसांत साफ. नवी पालवी इतकी तकतकीत आली की बघत राहावं. जास्वंदी वाचवायच्या असतील तर वेळ घालवू नका.

रानवारा

मातीवेडा, त्यांनी मधमाश्यांचं लिहिलंय ते वाचलंत ना? आंतरप्रवाही म्हणजे औषध झाडाच्या रसात उतरतं. तिथून पानात, कळीत, मकरंदात, परागात. किडीसाठी एक रस आणि मधमाशीसाठी दुसरा असं झाड करत नाही. माझा स्पष्ट विरोध.

काजवा

अगदी बाळबोध विचारते. आंतरप्रवाही आणि साधं फवारायचं औषध यात नेमका फरक काय? आणि झाडाला स्वतःला ते बाधत कसं नाही?

खोड_आणि_फांदी

काजवा, बाळबोध कसलं, सुरुवात इथूनच व्हायला हवी. मोठ्या झाडांची निगा राखणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पर्शजन्य औषध किडीच्या अंगावर पडलं तरच मारतं. पोटविष पानावर बसतं, पान कुरतडणारी अळी ते खाते आणि मरते. आंतरप्रवाही औषध मुळातून, सालीतून किंवा पानातून आत शिरतं आणि झाडाच्या आतून फिरतं. झाडात दोन वाटा असतात. जलवाहिन्या मुळांकडचं पाणी वर नेतात, रसवाहिन्या पानात तयार झालेली साखर झाडभर पोचवतात. बहुतेक आंतरप्रवाही औषधं जलवाहिन्यांतल्या पाण्याबरोबर वरच्या दिशेने चढतात. म्हणून मुळाशी दिलेलं शेंड्याला पोचतं, पण पानांवर मारलेलं मुळाकडे फारसं उतरत नाही. स्पायरोटेट्रामॅटसारखी मोजकी औषधं दोन्ही वाटांनी जातात.

झाडाला बाधत नाही, कारण इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या कुळातली औषधं, म्हणजे निओनिकोटिनॉइड, किडीच्या मज्जातंतूंवर काम करतात. तंबाखूतलं निकोटिन जिथे जाऊन चिकटतं तिथेच ही चिकटतात. तंतू एकसारखे उत्तेजित राहतात, किडीला लकवा होतो, मग ती मरते. झाडाला मज्जातंतूच नाहीत.

इमिडाक्लोप्रिड बाजारात आलं १९९१ मध्ये. पण झाडाच्या रसालाच विषारी करायचा विचार त्याच्या कितीतरी आधीचा. १९४० च्या दशकात गेरहार्ड श्राडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असं औषध तयार केलं होतं, त्याच्या नावावरूनच त्याला श्राडान म्हणत. पुढे डायमेथोएट, अॅसिफेट आली.

आता मूळ प्रश्न. उत्तर देण्याआधी शेंदरीताई, तीन गोष्टी सांगा. शिरीषाच्या खोडाचा छातीच्या उंचीवरचा घेर किती? फुलायला किती अवकाश आहे? आणि खोडावर, फांद्यांवर मुंग्यांची रांग आहे का?

शेंदरी_जास्वंद

घेर दोरीने मोजला, १९० सेंटिमीटर भरला. कळ्या महिन्या-दीड महिन्यात दिसतील. मुंग्यांची तर वर-खाली अखंड रांग आहे. त्यांचा काय संबंध?

सहा_पाय

मुंग्यांचा फार जवळचा संबंध! मिलीबग, मावा, मऊ खवले कीड हे सगळे झाडाचा रस पितात. त्यात साखर भरपूर आणि प्रथिनं नावाला, म्हणून ढीगभर रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर टाकावी लागते. तुमच्या बाकावर पडतो तो हाच गोड चिकटा, आणि त्यावर वाढते ती काजळी बुरशी. मुंग्या हा थेंब पितात आणि बदल्यात मिलीबगवर राखण करतात. मिलीबग खाणारा ढालकिडा जवळ आला की त्याला चावून हुसकावतात, गांधीलमाशीच्या जातीचे बारके परजीवी कीटक मिलीबगच्या अंगात अंडी घालायला आले की त्यांना टिकू देत नाहीत. गाईंचा गोठाच म्हणा. गोठ्याची राखण उठवली की निम्मं काम होतं.

खोडाला कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा आणि चिकट पदार्थ त्या पट्टीवर लावा, थेट सालीवर नको. कुंपणाला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तो पूल वापरतात.

हिरवळ

हे मुंग्यांचं माहीतच नव्हतं. +१

मोगरावेल

मातीवेडा यांनी गुलाबांचं लिहिलंय म्हणून माझाही अनुभव लिहिते. मीही गुलाबांनाच दिलं होतं, मुळाशी, इमिडाक्लोप्रिड. मावा गेला, अगदी खरं. पण दोन महिन्यांत पानं फिकी पडायला लागली. आधी बारीक पिवळे ठिपके, मग सगळं पान तांबूस, करपल्यासारखं. मला वाटलं पाणी कमी पडतंय. पानाच्या मागे भिंग लावून पाहिलं तर केसाहून बारीक जाळी आणि त्यावर रेंगाळणारे तांबडे ठिपके. लाल कोळी! त्याआधी सात वर्षांत माझ्या गुलाबांवर कोळी कधी आला नव्हता.

मातीवेडा, तुमच्याकडे पुढच्या हंगामात असं काही झालं का?

मातीवेडा

खरं सांगायचं तर झालं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात पानं तशीच तांबूस झाली होती. मी ते औषधाशी जोडलंच नव्हतं. उन्हाचा तडाखा समजून सावलीची जाळी बांधली.

सहा_पाय

मोगरावेल, तुमचा अनुभव अपवादाने घडलेला नाही. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे, आणि इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही. त्याला खाणारे कीटक मात्र मरतात.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एल्म वृक्षांवर हे नीट अभ्यासलं गेलंय. तिथे लांब शिंगांच्या आशियाई भुंगेऱ्यापासून झाडं वाचवायला इमिडाक्लोप्रिड दिलं होतं, आणि औषध दिलेल्या एल्मवर कोळी उसळला. २०११ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या. विषारी भक्ष्य खाऊन कोळ्याचे शत्रू कमी झाले, आणि औषध दिलेल्या झाडाची पानं खाणाऱ्या कोळ्याची पैदासही वाढली. म्हणजे औषधाने झाडाच्या पानातही काहीतरी बदलतं.

रानवारा

हेच मी म्हणत होतो. एक कीड मारायला जातो आणि दुसरी पाळून बसतो.

ताडमाड

रानवारा, तुमचं मन कळतं, पण सरसकट नाही म्हणायला माझा विरोध आहे. माझ्या बागेत कॅनरी खजुराचे तीन ताड होते, शोभेचे, पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लावलेले. पहिल्याचा मधला शेंडा एका बाजूला कलला तेव्हा मी वारा समजलो. महिन्याभरात अख्खा मुकुट छत्री मिटल्यासारखा खाली आला. तोडला तेव्हा आत सगळा भुसा, आणि अंगठ्याएवढ्या पिवळट अळ्या. लाल सोंड्या भुंगा.

मग दुसऱ्या दोघांच्या बुंध्याला रात्री कान लावून बसलो. एकात आवाज येत होता. सुकी वैरण कुणी सावकाश चावत असावं तसा. तो ऐकला आणि पोटात गोळा आला. अळी खोडाच्या आत, तिथे साबणाचं पाणी काय करणार आणि ढालकिडा तरी कुठून पोचणार? जाणकाराकडून दोन्ही ताडांत इमामेक्टिन बेंझोएट हे आंतरप्रवाही औषध टोचून घेतलं. दोन्ही आज उभे आहेत. त्या दिवशी तत्त्व म्हणून नाही म्हटलं असतं तर तिन्ही गेले असते.

रानवारा

ताडमाड, तुमची हळहळ मनाला भिडली. खोडाच्या आतल्या अळीला दुसरा उपाय नाही हे मान्य. पण मिलीबग खोडाच्या आत नाही, उघड्यावर आहे. दोन्हींना एकच न्याय नको एवढंच माझं म्हणणं.

खोड_आणि_फांदी

दोघांचंही बरोबर आहे, आणि फरक तुम्हीच नेमका पकडलात. कीड झाड मारणार आहे की झाडाला नुसता त्रास देणार आहे, आणि ती जिथे आहे तिथे दुसरं काही पोचू शकतं का, एवढं आधी ठरवायचं.

अमेरिकेत मिशिगनमध्ये २००२ साली अॅश वृक्षांवर हिरवा पाचू भुंगेरा सापडला. त्याची अळी सालीखाली नागमोडी भुयारं करत फिरते, रसवाहिन्या कापते आणि झाड वरून खाली वाळत येतं. त्याने आजवर कोट्यवधी झाडं मारलीत. तिथे खोडात टोचलेलं इमामेक्टिन एकदा दिलं की दोनेक वर्षं झाड राखतं. अशा ठिकाणी मी स्वतः औषध देईन, कचरणार नाही. पण तिथेही वेळ गाठावी लागते. निम्म्याहून जास्त पर्णभार गेलेल्या झाडाला टोचून उपयोग नसतो, वाहिन्याच तुटल्यात तर औषध वर चढणार कशातून?

टोचण्याचीही किंमत असते. प्रत्येक भोक म्हणजे जखम. माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. अॅलेक्स शायगो या वनशास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखमेभोवती भिंती घालून तो भाग कायमचा तोडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ताडाला तर तेही जमत नाही, त्याच्या खोडात नवं लाकूड घालणारा थरच नसतो. ताडाला पाडलेलं भोक जन्मभर भोकच राहतं. ताडमाड, दरवर्षी नवी भोकं पाडू देऊ नका.

ताडमाड

हे त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी जुन्याच भोकांचा विचार करायला सांगतो. आभार.

काजवा

मग मुळाशी ओतलेलं औषध किती दिवसांत चढतं? आणि किती दिवस राहतं? शेंदरीताईंची फुलं दीड महिन्यावर आहेत ना.

खोड_आणि_फांदी

ते औषधावर आणि झाडाच्या आकारावर ठरतं. लिटरभर पाण्यात इमिडाक्लोप्रिड जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम विरघळतं, त्याच कुळातलं डायनोटेफ्युरान सुमारे ४० ग्रॅम. म्हणून डायनोटेफ्युरान दोन-तीन आठवड्यांत शेंड्यावर असतं, पण एका हंगामात संपतं. इमिडाक्लोप्रिड मातीतल्या सेंद्रिय कणांना धरून बसतं आणि सावकाश चढतं. कुंडीतल्या गुलाबाला आठवडा-दीड आठवडा पुरतो, १९० घेराच्या झाडाला दोन-तीन महिनेही लागू शकतात. एकदा चढलं की वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं.

म्हणजे ताई, आज ओतलंत तर आत्ताच्या मिलीबगसाठी ते उशिरा पोचेल आणि मधमाश्यांसाठी बरोब्बर वेळेवर.

ज्यांना खरोखर द्यायचंच आहे त्यांच्यासाठी लिहितो. माती ओली हवी, चिखल नको. खोडाभोवतीचा पालापाचोळा आधी बाजूला करा, नाहीतर औषध त्यातच अडकतं. खोडाच्या अगदी लगत द्या. मात्रा लेबलवर खोडाच्या जाडीप्रमाणे दिलेली असते, त्याहून थेंबभर जास्त नाही. फुलणाऱ्या झाडाला फुलं गळून गेल्यावरच. आणि त्या मातीत खायच्या भाजी-फळांची मुळं आलेली असतील तर अजिबात नाही, मुळांना कुंपण कळत नाही.

चिंब_पाऊस

तळ्याबद्दल कुणी बोललं नाही. इमिडाक्लोप्रिड पाण्यातल्या किड्यांना फार थोड्या प्रमाणातही मारतं. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, कित्येक महिने. दहा पावलांवर तळं आणि उतार तिकडे असेल तर पहिल्या जोराच्या सरीला काय वाहून जाईल याचा विचार करा. गांडुळांनाही ते घातक आहे.

शेंदरी_जास्वंद

उतार तळ्याकडेच आहे. हे वाचून अंगावर काटा आला.

निवांत

मधमाश्यांना इतकी भीती खरंच आहे का? मुळाशी दिलेलं फुलात उतरेपर्यंत पातळ होत असेल ना?

सहा_पाय

पातळ होतं, पण पुरेसं पातळ होईलच असं नाही. मात्रा जीव घेण्याइतकी नसली तरी मधमाशी वाट चुकते, शिकलेलं विसरते, पोळ्यात कमी अन्न आणते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांचा मधमाश्या येणाऱ्या पिकांवरचा वापर रोखला आणि २०१८ मध्ये तिघांचा उघड्या शेतातला सगळाच वापर बंद केला.

फुलात असताना झाडावर मारलं तर काय होतं याचं एक उदाहरण तर मनातून जात नाही. जून २०१३, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं विल्सनव्हिल. दुकानांच्या आवारातल्या वाहनतळावर ५५ लिंडेन वृक्ष भरात फुललेले. त्यांच्यावर मावा होता, म्हणून डायनोटेफ्युरान फवारलं. खाली भुंग्यांचा, म्हणजे केसाळ बंबलबीचा, खच पडला. अंदाज ५०,०००च्या वर. आणखी मरू नयेत म्हणून शेवटी त्या झाडांना वरपासून खालपर्यंत जाळ्यांत गुंडाळावं लागलं. पुढे त्या राज्यात लिंडेनला या कुळातली चार औषधं देण्यावर बंदी आली. मावा काही त्या झाडांचा जीव घेत नव्हता.

आणखी एक. २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं की निओनिकोटिनॉइड दिलेल्या झाडावरच्या मिलीबगच्या त्या गोड चिकट्यातही औषध उतरतं, आणि तो चिकटा चाटणाऱ्या मित्रमाश्या आणि परजीवी गांधीलमाश्या मरतात. म्हणजे झाडाला फूल नसलं तरी धोका आहेच.

मातीवेडा

मी वर "वेळ घालवू नका" लिहिलं होतं ते मागे घेतो. माझे गुलाबही फुलतातच की, आणि त्यांच्यावरही माश्या येतात. हे डोक्यातच आलं नव्हतं.

देठ

कुणीही औषध दिलंत तर उरलेलं दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नका, ही हात जोडून विनंती. आमच्या घरात ते पाण्याच्या बाटलीत ओतून बागेच्या फळीवर ठेवलं होतं. सहा वर्षांच्या पुतण्याने झाकण उघडलं, सुदैवाने वासाने तोंड फिरवलं. त्या संध्याकाळची आठवण आली की अजून हात थरथरतात. मूळ डब्यात, लेबलसकट, कुलपात.

हिरवळ

अवांतर: माझ्या क्रोटनवर तपकिरी, घट्ट, शिंपल्यासारखे ठिपके आहेत. नखाने खरवडले की निघतात. इमिडाक्लोप्रिड देऊनही गेले नाहीत. औषध बनावट असेल का?

सहा_पाय

औषध अस्सलही असेल. ते शिंपल्यासारखं कवच किड्यापासून सुटं निघतं का बघा. सुटं निघालं आणि खाली बारीक मऊ किडा वेगळा दिसला तर ती कवचवाली खवले कीड. ती रसवाहिनीतून पीत नाही, सालीतल्या आणि पानातल्या पेशी फोडून पिते, म्हणून इमिडाक्लोप्रिड तिच्यापर्यंत पुरेसं पोचत नाही. कवच सुटत नसेल आणि पानं चिकट असतील तर मऊ खवले कीड, तिच्यावर चालतं. कुंडीतलं एकच झाड असेल तर जुन्या दातघासणीने घासून काढा आणि पिल्लं चालायला लागली की हलकं तेल फवारा. कवच नसलेली पिल्लं एवढ्यानेही मरतात.

हिरवळ

सुटं निघतंय! म्हणजे उगाच ओतलं. दातघासणी घेते.

सहा_पाय

शेंदरीताई, राहून गेलं. शेंडे आवळून मुठीसारखे झालेत म्हणता, त्यावरून हा जास्वंदीवरचा गुलाबी मिलीबग वाटतोय. त्याच्या लाळेनेच पानं अशी चुरगळतात. अंगावरची पांढरी भुकटी पुसली की आतून गुलाबी निघेल. हाच कॅरिबियन बेटांवर, ग्रेनेडात, १९९४ मध्ये सापडला आणि जास्वंदींबरोबर तुमच्या या विलायती शिरीषालाही त्याने जेरीला आणलं होतं. औषधांनी तो आटोक्यात येईना. शेवटी अनॅगायरस नावाची बारकी परजीवी गांधीलमाशी आणि क्रिप्टोलेमस हा ढालकिडा सोडले आणि त्यांनी तो उतरवला.

तुमच्याकडे भिंग आहे का? त्या कापसात जरा निवांतपणे बघा. सगळे पांढरे एकाच मापाचे आहेत का?

शेंदरी_जास्वंद

(दोन दिवसांनी)

सहा_पाय, तुम्ही विचारलं म्हणून काल सकाळी भिंग घेऊन तासभर एकाच फांदीशी बसले. पुसल्यावर गुलाबी निघतोय, बरोबर.

पण एक वेगळंच दिसलं. बहुतेक पांढरे तांदळाच्या कणीएवढे, जागचे हलत नाहीत. त्यांच्यात पाच-सहा मात्र मोठे, सेंटिमीटरभर तरी लांब, अंगावर मेणाच्या लांब लांब झिपऱ्या, आणि चांगले तुरुतुरु चालतात. त्यातल्या एकाने तोंड एका गुलाबी किड्यात खुपसलेलं होतं. तो किडा माझ्या डोळ्यांदेखत चपटा होत गेला.

हे काय आहे? मी तर हे मोठे "मुख्य मिलीबग" समजून गेले दोन महिने आधी तेच चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकत होते.

सहा_पाय

ताई, ती क्रिप्टोलेमसची अळी आहे! मिलीबगचंच सोंग घेऊन त्याच्या कळपात शिरते, म्हणून मुंग्यांनाही ती पटकन ओळखू येत नाही. भराभर चालतेय आणि झिपऱ्या लांब आहेत म्हणजे तीच. मोठा झालेला भुंगेरा चारेक मिलिमीटरचा, काळपट, डोकं आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९१ मध्ये तो मुद्दाम कॅलिफोर्नियात नेला गेला आणि तेव्हापासून जगभर मिलीबगवर सोडतात.

वेचलेल्यांचं वाईट वाटून घेऊ नका, ही चूक भल्याभल्यांकडून होते. पाच-सहा दिसल्या म्हणजे न दिसलेल्या कितीतरी आहेत. आता साबण आणि निंबोळी तेल दोन्ही थांबवा, फक्त मुंग्या अडवा.

रानवारा

ताई, हे वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि मुळाशी ओतलं असतं तर मिलीबगच्या आधी या गेल्या असत्या.

खोड_आणि_फांदी

आधी की नंतर ते सोडून द्या, विषारी मिलीबग खाऊन गेल्या असत्या हे नक्की.

ताई, माझं उत्तर आता स्पष्ट देतो. शिरीषाला काहीही देऊ नका. एवढं मोठं, निरोगी झाड मिलीबगने सहसा मरत नाही. मुठी झालेले जास्वंदीचे शेंडे कापा, पण जाळू नका, लगेच फेकूही नका. जाळीच्या झाकणाच्या बादलीत कुंपणापासून दूर आठवडाभर ठेवा. त्यात परजीवी माशी असेल तर ती जाळीतून बाहेर पडेल, मिलीबग आत वाळेल. नत्राचं खत सध्या बंद. कोवळी लुसलुशीत वाढ म्हणजे रस पिणाऱ्यांना आमंत्रण.

शेंदरी_जास्वंद

नत्र! पानं आवळली म्हणून मी दर पंधरा दिवसांनी युरिया देत होते. आजपासून बंद. पट्ट्या बांधते, शेंडे कापते आणि कळवते.

काजवा

नक्की कळवा, वाट बघतोय.

शेंदरी_जास्वंद

(पाच आठवड्यांनी)

उशिरा आले, माफ करा. शिरीषाच्या खोडाला आणि नऊही जास्वंदींना पट्ट्या बांधल्या. पहिले दोन दिवस मुंग्या पट्टीखाली नुसत्या गोल गोल फिरत होत्या, तिसऱ्या दिवशी एक फांदी कुंपणाला टेकलेली सापडली त्यांना. ती छाटली. नंतर रांग तुटली.

तिसऱ्या आठवड्यात नारिंगी डोक्याचे भुंगेरे दिसायला लागले. परवा एका फांदीवर सतरा मोजले. आठ जास्वंदींच्या शेंड्यांना सरळ पानं फुटलीत. नववी, फाटकाजवळची, अजून आवळलेलीच आहे, पण तिच्यावर अळ्या आहेत म्हणून हात लावत नाही. बाक अजून थोडा चिकट होतो, रोज सकाळी पुसते.

शिरीष फुलायला लागलाय. माश्या आल्यात.

एक विचारायचं होतं, पट्ट्या किती दिवस ठेवायच्या?

सहा_पाय

पावसाआधी सोडा. खाली ओल धरली की साल कुजते. तोवर आठवड्याला एकदा उघडून बघा आणि चिकटावर धूळ बसली की नवी लावा.

मातीवेडा

ताई, भुंगेऱ्यांचा फोटो डकवता का? माझ्या गुलाबांवर काल असाच एक काळा-नारिंगी बसला होता, तोच आहे का ताडून बघतो.